घर सांभाळून

लग्न जमवण्याच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते. देण्याघेण्याच्या, दागिन्यांच्या, लग्नाच्या तारखेच्या गोष्टी आटोपल्या, की मुलाकडचे एखादे वडीलधारे गृहस्थ मोठ्या समजूतदारपणे सांगतात, "मुलीने नोकरी केली तरी आमची काही हरकत नाही. फक्त घर सांभाळून करावी." हे ऐकून मुलीच्या आईवडिलांना हायसे वाटते. सोयरे मोकळ्या मनाचे मिळाले, असे ते घरी परतताना एकमेकांना सांगतात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नात्यागोत्यातल्या कितीतरी बैठकींत मी हे वाक्य ऐकले आहे. मुलाच्या नोकरीविषयी मात्र असे बोलणे माझ्या कानांवर कधी आलेले नाही.

या साध्या वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. 'हरकत नाही' या शब्दांत परवानगी आहे, आणि जी परवानगी देता येते ती काढूनही घेता येते. 'घर सांभाळून' या शब्दांत अट आहे, आणि ती अट एकाच व्यक्तीला लागू आहे. ज्या मुलीने कष्टाने शिकून, परीक्षा देऊन नोकरी मिळवली, तिची ती नोकरी लग्नाच्या बैठकीत एका क्षणात दुसऱ्याच्या मर्जीची गोष्ट होऊन बसते. तिच्यादेखत हे घडते. पण तिला कोणी काही विचारलेले नसते.

आपल्याकडे पूर्वापार असेच चालत आले आहे, असे अनेकांना वाटते. मला ते खरे वाटत नाही. वसईच्या ज्या आळीत मी वाढले, तिथे याच्या अगदी उलट चाल होती.

माझी आई लग्नापूर्वी कधी एकटी बाजारात गेली नव्हती. कुमारिकांना रेल्वेने मुंबईला पाठवण्याची पद्धत नव्हती. लग्न होऊन सासरी आल्यावर मात्र वर्षाच्या आत तिच्या डोक्यावर पाटी आली. वाडीतली वांगी, वालाच्या शेंगा, केळी, दिवस असतील तेव्हा मोगरा आणि चाफा, असा माल भरून आळीतल्या सात-आठ बायका पहाटेच्या अंधारात निघत. लाल लुगडी नेसलेला तो घोळका स्टेशनवर पोहोचे, गाडीत पाट्या चढवी आणि उजाडायच्या सुमारास मुंबईत उतरे. कोणी दादरला बसे, कोणी वांद्र्याला ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरे. दुपारपर्यंत माल संपवून, येताना घरासाठी तेल-मीठ घेऊन बाई परत येई. पैसे तिच्या कनवटीला असत. कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, कोणाकडून भाव तोडून घ्यायचा नाही, यंदा कोणत्या वाफ्यात काय लावले तर मुंबईत खपेल, याविषयी तिच्या शब्दाला घरात वजन होते. लग्नाने तिला बाजाराचे दार उघडून दिले होते.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पाटीच्या ओझ्याने आईची मान आणि गुडघे अकाली गेले. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती बाजार करीत होती आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसत होती. पण तिने बाजारात जावे की जाऊ नये, असा प्रश्न कोणी काढला नाही. तिचे काम घराचेच काम मानले जाई. ती पहाटे निघून गेल्यावर आमची आजी आम्हा भावंडांना उठवी, पेज घाली आणि शाळेत धाडी. तेव्हा आजी सुनेवर उपकार करीत आहे असे कोणी म्हणत नसे, आणि सून घर टाकून गेली असेही कोणी म्हणत नसे.

त्याच आईने मुलींना शिकवले. थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, मॅट्रिक झाली, टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा उत्तीर्ण झाली आणि १९६६ साली फोर्टातल्या एका कचेरीत लागली. पाटीच्या जागी खांद्याला पर्स आली, याचे आईला केवढे कौतुक! पाच वर्षे ताईने ती नोकरी नेकीने केली. १९७१ साली तिचे लग्न ठरले आणि चर्चमध्ये लग्नाची घोषणा होण्यापूर्वीच तिने राजीनामा दिला. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. मुलाला गिरणीत चांगला पगार आहे, मग सुनेने कशाला दगदग करावी, एवढेच सासरकडून म्हटले गेले. ते प्रेमाने म्हटले होते, आणि आमच्या घरीही सर्वांना ते पटले. ज्या आईने स्वतः लग्नानंतर वीस वर्षे बाजार केला, तिलाही लेकीने घरी बसावे यात सुख वाटले. मुलीला कमवावे लागत नाही, ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण झाली होती.

ताईच्या कचेरीत विवाहित स्त्रीला काढून टाकण्याचा नियम नव्हता. असा नियम असलेली ठिकाणे मात्र मुंबईत होती. औषधे तयार करणाऱ्या एका कंपनीत एका विभागातल्या मुलींची नोकरी लग्न होताच संपुष्टात येई. त्याविरुद्ध कामगार संघटना लढली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गटागटाने करायचे काम आहे, हजेरी नियमित हवी, विवाहित स्त्रियांच्या गैरहजेरीने ते अडते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने १९६५ साली ते अमान्य केले. विवाहित स्त्री अविवाहितेपेक्षा किंवा विधवेपेक्षा अधिक गैरहजर राहते, असे दाखवणारा पुरावा नाही. मुलांमुळे गैरहजेरी होते म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेलाही तेच लागू पडेल, आणि तिला तर नोकरीवर ठेवले जाते, असा सरळ युक्तिवाद न्यायालयाने केला. प्रसूतीच्या रजेपुरती चार जादा माणसे ठेवली, की अडचण दूर होते, हेही न्यायालयाने दाखवून दिले.

असे नियम केवळ खासगी कंपन्यांतच होते असे नाही. परराष्ट्र सेवेतील स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा देण्यास सांगता येई. सी. बी. मुथम्मा या त्या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी. त्यांनी दाद मागितली, तेव्हा १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमावर कठोर शब्दांत कोरडे ओढले. पुरुषाच्या संसाराने त्याच्या कामात व्यत्यय येत नाही काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात १९८१ साली न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवणारी अट रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी परिचारिकेला लग्नाच्या कारणावरून १९८८ साली सेवेतून मुक्त करण्यात आले होते. तिला न्याय मिळायला २०२४ साल उजाडले. लग्न केले म्हणून नोकरी घालवणे हा उघड लिंगभेद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि तिला ६० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. बाहेरच्या जगातही हेच होते. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागे. ती अट १९७३ साली उठली.

कायद्याचे अडसर असे एकेक करून दूर झाले. मग आज लग्न झालेली स्त्री कामावर टिकते का? जागतिक बँकेने २०२४ साली दक्षिण आशियाविषयीच्या आपल्या अहवालात भारताचे चित्र मांडले. लग्नानंतर स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण १२ टक्क्यांच्या अंकांनी घसरते. लग्नापूर्वीच्या प्रमाणाच्या मानाने ही घट सुमारे एक-तृतीयांश आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मूल झालेले नसतानाही ही घट होते. पुरुषांचे नेमके उलट: लग्नानंतर त्यांच्या रोजगाराचे प्रमाण १३ अंकांनी वाढते. मुले झाल्यावर बाईची नोकरी सुटणे साहजिकच आहे, असे आपण आजवर मानत आलो. पाळणा हलण्यापूर्वीच एवढ्या जणी घरी बसत असतील, तर कारण पाळण्यात शोधून भागणार नाही. ते लग्नाच्या बोलाचालीत आणि सासरच्या पहिल्या काही महिन्यांतच शोधले पाहिजे.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी आपल्या देशातील २०० वर्षांचे दाखले तपासले. शेतीप्रधान समाजात विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने कामात होत्या. कारखान्यांचे युग आले तसे त्यांचे प्रमाण घटले. पुढे सेवाक्षेत्र वाढले, शिक्षण वाढले, तेव्हा ते पुन्हा चढू लागले, असे त्यांना आढळले. हे वाचले तेव्हा मला आमची आळी आठवली. वाडीतले काम घराला लागून होते, त्याला घड्याळ नव्हते, आणि ते न केले तर सर्वांच्या पोटाला चिमटा बसत होता. पगाराचे काम घरापासून दूर गेले, घड्याळाला बांधले गेले, आणि शिवाय पुरुषाचा पगार घरात येत होता. साहजिकच बाईचा पगार 'वरचा' ठरला. वरकड वस्तू अडचणीच्या वेळी प्रथम काढून ठेवली जाते, तसेच तिच्या नोकरीचे झाले. आईची पाटी घराची होती. ताईची नोकरी मात्र ताईची हौस समजली गेली.

त्या हौसेची किंमत काय असते, हे ताईच्या घराने १९८२ साली पाहिले. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. भाऊजींचा पगार थांबला, तो पुन्हा कधी पूर्ववत झाला नाही. पदरी दोन मुले होती. ताई पस्तीस वर्षांची होती. जुनी प्रमाणपत्रे घेऊन ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. मधली अकरा वर्षे तुम्ही काय करत होता, असे तिला विचारले जाई. त्या अकरा वर्षांत तिने सासऱ्यांचे आजारपण काढले होते, दोन मुले वाढवली होती, तुटपुंज्या पैशांत संसार नेटका ठेवला होता. पण त्यातले काहीच कागदावर लिहिता येण्यासारखे नव्हते. काही वर्षे तिने घरी शाळेचे गणवेश शिवले. मग एका लहानशा कचेरीत हंगामी कारकून म्हणून तिला काम मिळाले, पहिल्या नोकरीत तिच्यापेक्षा नवख्या असलेल्या मैत्रिणींच्या निम्म्या पगारावर. आज तिला निवृत्तिवेतन नाही. औषधांसाठी तिला मुलाकडे हात पसरावा लागतो. मुलगा गुणी आहे, तो कधी नाही म्हणत नाही. तरी मागताना ताईचा आवाज बदलतो, तो मला ऐकू येतो.

माझी स्वतःची गोष्ट निराळी झाली, आणि त्यात माझे कर्तृत्व फारसे नाही. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका होते. १९७९ साली माझे लग्न झाले. माझ्या सासूबाईही बाजार केलेल्या. अक्षरओळख नसलेली ती बाई पैशाचा हिशेब मात्र तोंडी चोख करी. पहिल्या बाळंतपणानंतर रजा संपत आली, तेव्हा घरात चुळबुळ सुरू झाली. कोणी म्हणाले, आता वर्षभर राहू द्या नोकरी. सासूबाईंनी पोराला मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "मी पाटी घेऊन जायची, तेव्हा याच्या बापाला माझ्या सासूने वाढवलं. आता मी याला वाढवीन. तू शाळेत जा." विषय तिथेच संपला. माझ्या यजमानांनीही पहाटेचे पाणी भरणे आणि मुलांचे डबे ही कामे तेव्हापासून आपल्याकडे घेतली. प्रथम शेजारी हसले, पुढे त्यांना सवय झाली. मी २०११ साली निवृत्त झाले. आज माझे निवृत्तिवेतन दर महिन्याला माझ्या खात्यात जमा होते.

ताई माझ्याहून हुशार होती. तिचा हात माझ्याहून चलाख होता. दोघींच्या म्हातारपणात जे अंतर पडले, ते बुद्धीचे किंवा कष्टाचे नाही. एका घरात एका वडीलधाऱ्या बाईने एक वाक्य उच्चारले, दुसऱ्या घरात ते कोणी उच्चारले नाही, एवढाच फरक. माणसाचे उभे आयुष्य इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत ठेवणे कितपत बरे?

पुढच्या पिढीला तर तो धागाही राहिलेला नाही. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. घरे चौकोनी झाली. नातवंडांना मांडीवर घेणाऱ्या आजी दुसऱ्या इमारतीत, नाहीतर दुसऱ्या गावात राहतात. मुंबईचा प्रवास मात्र लांबच राहिला. विरारपासून चर्चगेटपर्यंत सुमारे ६० किलोमीटर. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी सुरू केली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आणली. त्या गाडीत परतीच्या वाटेवर बायका मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडताना, वाटाणे सोलताना दिसत. पाहणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटे. मला त्या दृश्यात 'घर सांभाळून' या दोन शब्दांचा अर्थ स्वच्छ दिसे. इतर गाड्यांतल्या पुरुषांच्या डब्यांत त्याच वेळी भजने चालत, पत्त्यांचे डाव रंगत. तेही दिवसभर राबून घरी निघालेले असत. पण त्यांच्या पिशवीत भाजी नसे.

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात हे दृश्य आकड्यांत उतरले आहे. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल त्याखेरीज निराळी. देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ साली २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ साली ४१.७ टक्क्यांवर गेला, ही आनंदाची वार्ता खरी. पण ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे, आणि त्यात घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन हातभार लावणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. माझ्या आईसारख्या बायका आता सरकारी मोजणीत दिसू लागल्या, हे बरेच झाले. ताईसारखी शिकलेली मुलगी लग्नानंतर पगारावर टिकते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

काही श्रद्धाळू मंडळी म्हणतात, की बाईने घराबाहेर कमावणे ही आधुनिक काळाची टूम आहे, आपल्या कुटुंबसंस्थेत ते बसत नाही. त्यांना मी नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय पुन्हा वाचायला सुचवीन. सुगृहिणीची स्तुती म्हणून आपण त्याचा उल्लेख करतो. त्यातली पत्नी शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून व्यापाऱ्याला विकते. आमच्या आळीतल्या बाजारकरणींना ती सहज ओळखू आली असती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ जून १९९५ रोजी जगातील स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले. त्यात समान कामाला समान वेतन, नोकरी करणाऱ्या मातांना संरक्षण आणि बढतीत न्याय, यांची स्पष्ट मागणी त्यांनी केली आहे. घराचे महत्त्व ख्रिस्तसभेने कधीच कमी लेखले नाही, आणि मीही लेखीत नाही. घर सांभाळलेच पाहिजे. ते दोघांनी सांभाळायचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या स्त्रीला पूर्ण विचारांती घरी राहायचे आहे, तिच्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे. मात्र तो निर्णय तिचा असावा, आणि त्यामुळे म्हातारपणी तिच्यावर हात पसरण्याची वेळ येऊ नये, याची तजवीज दोघांनी मिळून आधीच केलेली असावी. नवऱ्याच्या पगारातून तिच्या नावे दरमहा काही रक्कम बाजूला पडली, तर ती भीक ठरत नाही. घरात राबलेल्या तासांचा तो रास्त वाटा आहे.

आपल्या धर्मग्रामांत विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरे होतात. तिथे प्रार्थना, संततिनियमन, पैशांचा विनियोग, सासू-सून संबंध, अशा अनेक विषयांवर बोलले जाते. त्यात आणखी एक तास ठेवावा आणि वधूवरांना एकाच वेळी, एकमेकांसमोर, काही साधे प्रश्न विचारावेत. लग्नानंतर तुम्हा दोघांच्या नोकऱ्यांचे काय ठरले आहे? सकाळचा डबा कोण करणार? मूल आजारी पडले तर रजा कोणी घ्यायची? नोकरीचे गाव बदलले तर कोणी कोणामागे जायचे? हे प्रश्न वराला अगोदर विचारावेत, कारण वधूने त्यांची उत्तरे मनात कितीदा तरी घोकलेली असतात.

आणखी एक सूचना. कायद्याने २०१७ पासून प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण आपल्या पुष्कळ मुली लहान दुकानांत, दवाखान्यांत, खासगी शिकवण्यांत काम करतात. त्यांच्यापर्यंत हे पाळणाघर पोहोचत नाही. आपल्या चर्चच्या आवारातील सभागृहे सोमवार ते शुक्रवार बहुधा कुलूपबंद असतात. धर्मग्रामात निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, एकट्या पडलेल्या आजी आहेत. रास्त शुल्क घेऊन, सांभाळणाऱ्या बायकांना रास्त मोबदला देऊन, तिथे पाळणाघर चालवता येईल. पूर्वी जे काम आळीतली एकेक आजी करीत होती, ते धर्मग्रामाने अंगावर घ्यावे. माझ्या ओळखीच्या तीन निवृत्त शिक्षिका आठवड्यातून दोन-दोन दिवस द्यायला तयार आहेत, आणि चौथी मी आहे. सभागृहाची किल्ली मिळाली, की आम्ही कामाला लागू.